आज घरी लूट आहे

खरा गुन्हा शनिवारी सकाळी साडेसहालाच घडला, आचलला शाळेचा युनिफॉर्म चढवला तेव्हा. पोलीस पाच तासांनी आले. पोलिसांचं हे नेहमीचंच.

भावाची लूट घरात आणि सख्ख्या बहिणीला शाळेत पाठवायचं, ही अक्कल आजीची, म्हणजे मनकर्णाबाईंची. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते, रथसप्तमी तोंडावर आली होती. दहा महिन्यांच्या शिवमला अकरा वाजता काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून चौरंगावर बसवायचं होतं. त्याच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे आणि खाली टपलेल्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी ते लुटायचे. आमच्या वऱ्हाडात याला लूट म्हणतात. राजापेठेतल्या या घराने महिनाभर दुसरा विषय काढला नव्हता.

"शाळा बुडवाची नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"केजी टूले काय कलेक्टरची परीक्षा हाये का आई?" शकुन आचलची वेणी घालत होती. कडेवर शिवम. त्याला दात येत होते, म्हणून तो रात्रभर जागला होता आणि आता आईचा खांदा चावत होता.

"ते घरी रायली तर भोकाड पसरीन. माही लूट काहून नाही केली, म्हनीन. पाहुन्याईपुढे तमाशा."

"मंग काहून नाही केली?" आचलने वेणीतूनच विचारलं.

"कोरोना होता," आजी म्हणाली.

"कोरोना होता ना बेटा," पेपरातून आजोबा, म्हणजे किसनराव, म्हणाले.

ललित, म्हणजे आचलचा बाप, दाढी करत होता. त्याने तोंडाला फेस असल्याचा फायदा घेतला.

आचलला कोरोना म्हणजे कुणी लांबचा नातेवाईक वाटायचा. आपण लहान असताना घरी येऊन राहिलेला आणि आपल्या वाटचं सगळं खाऊन गेलेला. ती मार्चमध्ये सहा वर्षांची होणार होती. लूट पाच वर्षांपर्यंतच करतात. म्हणजे तिची वेळ निघून गेली होती, आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांना त्याचं मनातून बरंच वाटत होतं. वेळ निघून गेली की कुणाला काही करावं लागत नाही.

शकुनने रिबीन इतकी घट्ट ओढली की आचलच्या भुवया वर गेल्या.

"आई, तू रडून राहिली का?"

"डोळ्यात पावडर गेली. चाल, ऑटो आला."

* * *

चौगुले मिस कोल्हापूरहून अमरावतीला येऊन तीन महिने झाले होते. वऱ्हाडी त्यांना निम्मी कळायची, उरलेली निम्मी त्या अंदाजाने भरून काढायच्या. त्या दिवशी अंदाजाने घात केला.

डब्याच्या सुट्टीत आचलने डबा उघडलाच नाही. वॉटरबॅगच्या पट्ट्याला धरून भिंतीकडे तोंड करून बसली.

"काय झालं गं बाळा?"

"आज आमच्या घरी लूट हाये, मिस."

"काय आहे?"

"लूट. अकोल्याहून गाडी भरून लोकं येऊन राहिले."

मिसांनी हातातला खडू खाली ठेवला. "कोण लोकं?"

"लय हायेत. गल्लीतले पोट्टेबी येतीन. माह्या भावाले काळे कपडे घालून बसवतीन, आन् मंग समदे तुटून पडतीन."

"भाऊ केवढा आहे तुझा?"

"दहा मयन्याचा. त्याले अजून बसताबी येत नाही बरोबर."

"आणि तुझी आई?"

"सकाळी रडून राहिली होती. आजी म्हने आचलले घरी ठेवू नोको, समद्याईपुढे बोलीन ते."

चौगुले मिसांनी पर्समधून मोबाईल काढला. तरी बाई शहाणी, खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "आधी कधी झाली होती का गं अशी लूट?"

"मोनूच्या घरी झाली होती, अकोल्याले," आचल म्हणाली, आणि मग भिंतीलाच सांगितलं. "मलेच कोनी लुटत नाही!"

हे शेवटचं वाक्य मिसांनी ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या मोबाईल घेऊन व्हरांड्यात धावल्या होत्या. शकुनला पाच फोन केले. घरी मिक्सर, स्पीकर आणि शिवम एकाच वेळी चालू होते. कुणी उचलला नाही. मुख्याध्यापक तालुक्याच्या मीटिंगला गेलेले. मिसांनी एकशेबारा फिरवला.

डायरीतल्या पत्त्यात नुसतंच राजापेठ लिहिलं होतं. म्हणून घर दाखवायला आचललाच स्कूटीवर पुढे उभं केलं. आचलला एवढंच समजलं की आपण घरी चाललो, आणि तेही लुटीच्या टायमाला. तिने रडणं जागेवर थांबवलं आणि डबा काढून गाडीवरच चिवडा खायला सुरुवात केली.

"घाबरू नकोस हं," मिस म्हणाल्या.

"नाही घाबरत. जोऱ्यात घ्या मिस, बोरं सरतीन."

बोरं कसली, हे विचारायला राजापेठेच्या ट्रॅफिकने सवड दिली नाही.

* * *

इकडे लूट ऐन रंगात आली होती.

आत्याचा मान रूपालीचा. ती सकाळच्या गाडीने अकोल्याहून सहा वर्षांच्या मोनूला घेऊन आली होती. येताना दागिन्यांचा डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद. शिवमने मुकुट घातल्या घातल्या चाटला. दुसऱ्या मिनिटाला बाजूबंद तोंडात.

"खाऊ द्या ना वहिनी, साखरच हाये."

"साखर हाये, पन दोरा नाही ना ताई साखरेचा," शकुन म्हणाली आणि बाळाच्या तोंडात बोट घालून दोरा ओढून काढला. दहा महिन्यांच्या मुलाची आई दिवसातून वीस वेळा हेच करते. तोंडात बोट घालायचं आणि जे निघेल ते पाहायचं. काल पेन्सिलचं टोपण निघालं होतं. परवा मेलेलं झुरळ. आणि लोक विचारतात, दिवसभर घरी करतेस काय.

"बोरं वरून टाकू नका, डोळ्याले लागतीन. हळूच सोडा."

"तुह्या नवऱ्याच्या टायमाले मी पायली रिकामी केली होती त्याच्या डोक्श्यावर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "काही झालं का त्याले?"

शकुनने नवऱ्याकडे नीट पाहिलं. शेजारची सितारा फिस्सकन हसली. शिवमचं काळं झबलं तिनेच शिवलं होतं, आणि ते अंगात घालताना तो इतका वळवळला की दोन टाके तिथल्या तिथे अंगावरच घालावे लागले.

रूपालीने सूप उचललं. बोरं सांडली, मुरमुरे उडाले, पंधरा पोट्टे एकमेकांच्या पाठीवर पडले. शिवम आधी दचकला, मग गालात हसला, मग मोठ्याने शी केली. टाळ्या वाजल्या. ललित मोबाईलवर शूटिंग करत होता. लग्नापासून तो घरातल्या प्रत्येक भानगडीत कॅमेऱ्यामागेच उभा असतो. तिथे कुणाची बाजू घ्यावी लागत नाही.

आणि दारात काठी वाजली.

"कोनी हलाचं नाही!"

महिला हवालदार माणिक इंगळे, मागे एक शिपाई, त्याच्या मागे हेल्मेट घातलेल्या चौगुले मिस आणि त्यांचा हात धरून आचल. स्पीकर कुणीतरी बंद केला. पोट्टे जिथे होते तिथे गोठले. एकाच्या तोंडात चार बोरं.

"इथं लूट चालू हाये, अशी खबर हाये."

"हो, चालूच हाये ना," किसनराव म्हणाले. एसटीत पस्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. वर्दी दिसली की उभं राहून खरं बोलायची सवय. "या ना तुमीबी. उशीर केला थोडा, अर्धी होऊन गेली."

माणिक हवालदाराने चौरंग पाहिला. मुकुट खाणारा इसम पाहिला. जमिनीवरची बोरं पाहिली. ती बाई अंजनगावची, पक्की वऱ्हाडी. तिचा चेहरा हळूहळू फाकला.

"मॅडम," ती मिसांकडे वळली, "ही लूट होय?"

"अहो, हे तर बोरन्हाण!" मिस किंचाळल्या. "मग बोरन्हाण म्हणायचं ना! लूट काय, लूट?"

"लुटतात तर लूटच म्हनतीन ना, बाई," मनकर्णाबाई फणकारल्या. "न्हाऊ कोन घालून राहिलं इथं?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. सितारा ओढणी तोंडात कोंबून भिंतीला टेकली. शिपाई हसता हसता बोरावरून घसरला आणि पडल्या पडल्या दोन उचलून खिशात टाकली. मिस रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रूपालीने त्यांना तिळगूळ भरवला आणि किसनराव पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले, "तारीख अन् टाईम देऊन लुटाले येनारे पाह्यले का तुमी कधी?"

आचल हसत नव्हती. दप्तर पाठीवर तसंच. ती सरळ चौरंगापाशी गेली आणि शिवमच्या बाजूला उरलेल्या वीतभर जागेत बसली.

"आता माही करा."

"उठ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वय झालं तुहं."

या वाक्यावर शिपाई पुन्हा हसणार होता, पण माणिकने त्याच्याकडे पाहिलं.

"केव्हा झाली होती हिची?" तिने विचारलं. पोलिसांना प्रश्न विचारायची खोड असते.

"कोरोना होता," तिघं एकदम म्हणाले.

इथेच संपलं असतं. पाच वर्षं इथेच संपत आलं होतं. पण मोनूच्या पिशवीत सगळ्यांत जास्त बोरं होती आणि विजयी माणसाला गप्प बसवत नाही.

"माही तर लय मोठी झाली होती! त्याच साली! आमच्या गच्चीवर! आजी आली होती ना अकोल्याले, ऊस घेऊन. फोटोत हाये. मम्मी, दाखव ना फोटो!"

मम्मीने मोबाईल पाठीमागे लपवला.

शकुनने शिवमला चौरंगावरून उचललं, सिताराच्या हातात दिलं. तिचा आवाज चढला नाही. चांदूर बाजार तिचं माहेर, तिथल्या बाया चिडल्या की आवाज उतरतो.

"म्हंजे कोरोना अमरावतीतच होता का, आई? बडनेऱ्याच्या टेसनावर गाडीत चढला नाही तो? तुमी चढल्या, ऊस चढला, तो खालीच उभा रायला?"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, तरी.

"वहिनी, जुनं कायले उकरता?" रूपाली म्हणाली. "मोनूची बोलावनी धाडली, आई आली. जवायाने बोलावल्यावर नाही म्हनता येते का?"

"तुमाले माहीत होतं, ताई."

"मले वाटलं तुमी मागाहून केली असन!"

"केली असती तर आत्या म्हनून तुमालेच बोलावलं असतं ना."

रूपाली आईकडे सरकली. लहानपणापासून ती तिथेच सरकत आली होती. ललितने मोबाईल थोडा खाली घेतला.

तेवढ्यात सितारा बोलली. बाळाला थोपटत, खाली पाहत. "काकू, नाराज नोका होऊ. पन फ्रॉक तर मी शिवला होता. काला सॅटिनचा, छोटासा. शकुनने माप दिलं होतं. फिर तुमचा निरोप आला, नोको म्हून. पाच साल से मेरे पास पडा है."

"तू फेकला नाही?" शकुनने विचारलं.

"नवा कपडा कौन फेकता है, बाई?"

मनकर्णाबाईंनी पदर खोचला. चारी बाजूंनी घेरलं गेलं की त्या आवाज वाढवायच्या. "हो! नाही केली! पोरीची काय लूट कराची? आमच्यात पोराचीच करतात. पयल्यापासून तसंच हाये. मीच काही कायदा काढला नाही!"

हे निदान खरं होतं. पाच वर्षांनी का होईना, कोरोना बिचारा सुटला.

आणि आता किसनराव मदतीला धावले. बायकोला वाचवायला हा माणूस जेव्हा जेव्हा धावला, तेव्हा तेव्हा तिला खड्ड्यात घेऊन पडला.

"बरोबर बोलून रायली ते," किसनराव माणिकला समजावू लागले. "कोरोनाचं काय घेऊन बसले? रूपालीच्या टायमाले कुठं कोरोना होता? तिची कुठं केली आमी? ललितचीच केली. काही अडलं का रूपालीचं?"

रूपालीने सुपातून हात काढला.

"काय म्हनलं, बाबा?"

किसनरावांना तेव्हा कळलं. त्यांनी पेपर शोधला. पेपर नव्हता.

"आई. माही झाली होती ना? तू तर म्हने भल्ली गर्दी होती. फोटो पुरात वाहून गेले म्हने."

"कोनता पूर व?" सितारा पुटपुटली. "इथं नाल्याले पानी नाही."

मनकर्णाबाई दोन सुनांकडे पाहावं तसं सुनेकडे आणि लेकीकडे पाहत राहिल्या. लेक सुनेच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. छत्तीस वर्षं जी कायम आपल्या बाजूला असायची, ती तीन पावलं चालून पलीकडे गेली. त्यांना स्वतःच्या लुटीचं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या आईने तर पूर आल्याचंही कधी सांगितलं नव्हतं.

"सरक व," रूपाली आचलला म्हणाली. दप्तर काढून फेकलं, स्वतः चौरंगावर फतकल मारून बसली, आणि आचलला मांडीवर घेतलं. चौरंग करकरला. "वहिनी, टाका. दोघींची एकदम करा."

"काय टाकू?" शकुनने सूप उलटं केलं. एक बोर पडलं. "समदं लुटून नेलं."

पंधरा पोट्टे दाराकडे सरकू लागले.

"ए!" माणिक हवालदाराने दारात काठी आडवी लावली. बारा वर्षांच्या नोकरीत इतकी मजा तिला एकदाच आली होती, आणि ती आज. "कोनी बाहेर जाचं नाही. लुटीचा माल जप्त कराचा हाये. खिसे खाली करा समदे!"

"पन आमी लुटलं ना, मावशी!"

"म्हनूनच तर!"

रांग लागली. खिसे उलटे झाले. मोज्यांतून बोरं निघाली, चड्डीतून चॉकलेटं निघाली. एकाने गिळलेलं सोडून सगळं दिलं. मोनूचा नंबर आला तेव्हा त्याने आईकडे पाहिलं. आई चौरंगावर होती. तिने डोळे वटारले. मोनूने पोटाशी धरलेली पिशवी सुपात रिकामी केली आणि दुःखाने म्हणाला, "माह्या लुटीतलंबी आनून देऊ का अकोल्याहून?"

सितारा घरी पळाली आणि फ्रॉक घेऊन आली. दहा महिन्यांच्या मापाचा काळा सॅटिन, गळ्याला पांढऱ्या टिकल्या. आचलच्या अंगात कुठून जाणार? एक हातही गेला नाही. सिताराने क्षणभर विचार केला आणि तो तिच्या डोक्यात घातला. गळा कपाळावर बसला, दोन फुगीर बाह्या कानांवर उभ्या राहिल्या. काळं पाहिजे होतं, झालं काळं.

"मिस, मी कशी दिसतो?" आचलने विचारलं.

"दिसते म्हणायचं, दिसते," मिस सवयीने म्हणाल्या. मग डोळे पुसले. "छान दिसतो. लय छान दिसतो."

शकुनने पहिली ओंजळ टाकली. हळूच नाही, वरून. सिताराने टाकली, मिसांनी टाकली, माणिकने टोपी काढून टोपीने टाकली. रूपाली डोक्यावर पडणाऱ्या मुरमुऱ्यांखाली अशी खिदळत होती की मोनूला आईची लाज वाटली. ललितने मोबाईल किसनरावांच्या हातात दिला. येऊन ओंजळ भरली आणि दोघींवर टाकली. कॅमेऱ्यामागून तो बाहेर आला होता. किसनरावांनी पुढची दहा मिनिटं स्वतःच्या अंगठ्याचं शूटिंग केलं.

मनकर्णाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. डब्यांचे आवाज आले. परत आल्या तेव्हा हातात मोठा स्टीलचा डबा होता. लेकीला अकोल्याला नेण्यासाठी बाजूला काढून ठेवलेली रेवडी.

"पोरीच्या केसात अटकीन हे, मी काढनार नाही," त्या म्हणाल्या, आणि डबा दोघींच्या डोक्यावर उलटा केला.

"लुटा!" माणिक ओरडली.

पण पोट्टे पोचायच्या आत आचलनेच चौरंगावरून उडी मारली होती. कानांवर बाह्या उभ्या, युनिफॉर्मचा स्कर्ट पसरलेला, दोन्ही हातांनी आपलीच लूट स्वतः ओढत होती. मोनूच्या पायाखालून, शिपायाच्या बुटापाशीची, चौरंगाखालची. सिताराच्या कडेवरून शिवमने आनंदाने किंकाळी फोडली आणि फ्रॉकच्या बाहीसाठी हात पुढे केला.

"नाही देत," आचल म्हणाली. "हे माहं हाये."

तासाभराने शकुन शिवमला झोपवत होती. मनकर्णाबाई ओट्यावर बसून आचलच्या केसांतून चिकटलेली रेवडी काढत होत्या. एक एक काढून तिच्याच तोंडात घालत होत्या. माणिकने फाटकाशी मोबाईल कानाला लावला. कंट्रोल रूमला निकाल द्यायचा होता.

"राजापेठचा कॉल. हो, पोचलो केव्हाच… नाही, खोटा नव्हता, लूट झाली होती… केव्हा? पाच वर्षं झाले… आरोपी? घरचेच. समदे." तिने ओट्याकडे पाहिलं. "माल आज परत भेटला. करा बंद."